खोली क्रमांक दोनची मतं

टिकाराम गुरुजींनी वर्तमानपत्रातली बातमी कात्रीनं चारही बाजूंनी कापली, पालथी घालून तिला खळ लावली आणि वहीच्या पानावर चिकटवून वरून तळहात फिरवला. नूतन समोर उभीच होती. सकाळपासून ती तिसऱ्यांदा आली होती आणि तिसऱ्यांदाही गुरुजींनी तिला बस म्हटलं नव्हतं. बस म्हटलं की बोलणं वाढतं, हे अडतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

“तीन वाजले, गुरुजी,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“साडेपाचले गेट बंद होते.”

“तेही माहीत आहे.”

नूतन रामटेके पंचायत समितीच्या पोटनिवडणुकीला उभी होती. आधीचा सदस्य वारला म्हणून लागलेली निवडणूक, सव्वा वर्षाचं उरलेलं पद आणि हिंडायला सात गावं. पक्षाला उभं करायला दुसरं कोणी मिळेना म्हणून तिला तिकीट मिळालं, असं लोक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. पण तिकीट हातात पडल्यापासून बाईनं चपलांचे दोन जोड झिजवले होते. तिला एकच काम करून घ्यायचं होतं. त्यांच्या मोहल्ल्यातून मसणवटीकडे जाणारी पांदण गावातल्या भोजराजच्या धानाच्या बांधीत गडप झाली होती. कागदावर रस्ता होता, जमिनीवर धान होतं. पावसाळ्यात मोहल्ल्यातलं कोणी गेलं की तिरडी खांद्यावर घेऊन चौघांना गुडघाभर चिखल तुडवत जावं लागायचं. मागच्या श्रावणात गुरुजींच्या पत्नी देवकाबाई गेल्या तेव्हा मागच्या खांद्याचा एक जण घसरला आणि तिरडी कलली. लोकांनी कशीबशी सावरली, पण पांढरं कापड चिखलानं माखलं ते माखलंच. नूतननं त्या दिवशी मनात गाठ मारली. आणि आता समोरचा उमेदवार होता तो भोजराजच.

मोहल्ल्याची एक रीत होती. मतदानाच्या दिवशी सगळ्यांनी पांढरे कपडे घालून विहारात जमायचं, वंदना म्हणायची आणि गुरुजींच्या मागं एका रांगेत शाळेतल्या खोली क्रमांक दोनकडे निघायचं. शेजारच्या दोन गल्ल्यांची मतंही त्याच खोलीत पडायची. गुरुजींच्या वडिलांच्या काळी एकट्यादुकट्याला वाटेत अडवून घरी परत पाठवत, तेव्हापासूनची ही रीत. आता कोणी अडवत नव्हतं, पण रीत मोडायला कारणही कोणाला सापडलं नव्हतं. गुरुजींच्या आधी मत टाकायचं नाही, एवढं मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. आज वंदना झाल्यावर गुरुजी म्हणाले, मी येत नाही, तुम्ही जा. आणि चपला घालून घरी निघून गेले. लोकांना वाटलं, असेल काही काम, येतील मागून. म्हणून लोक बसून राहिले. एकशे सव्वीस मतं होती मोहल्ल्यात. तीन वाजेपर्यंत शाई लागली होती ती फक्त चौघांच्या बोटाला, तीही त्यांना गोंदियाला कामावर जायचं होतं म्हणून. खुद्द नूतननंही मत टाकलं नव्हतं. उमेदवार झाली म्हणून ती काय गुरुजींच्या पुढं चालणार होती?

गुरुजींनी वही तिच्याकडे फिरवली. वाचायची गरज नव्हती, तिला ते सगळं पाठ झालं होतं. दूरच्या एका देशात दीड वर्षापासून लढाई चालू होती. दवाखान्यावर बॉम्ब पडले होते, शाळांवर पडले होते. लढाई थांबवा, असा ठराव जगातल्या सगळ्या देशांपुढं आला, तेव्हा आपल्या देशानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पक्षाचा दिल्लीतला मोठा माणूस टीव्हीवर हसत हसत म्हणाला की हेच शहाणपणाचं धोरण आहे, आमचा याला पूर्ण पाठिंबा आहे. गुरुजी पस्तीस वर्षांपासून त्या पक्षाचे. त्यांनी दिल्लीला तीन पत्रं लिहिली, तिन्ही रजिस्ट्रीनं. एकाचंही उत्तर आलं नाही.

“मी दिल्लीत बसून राहिली का, गुरुजी?” नूतन म्हणाली. “मी तं इथं पांदणीसाठी उभी आहो.”

“चिन्ह एकच आहे ना.”

“चिन्हाले नका देऊ मत. मले द्या.”

“मशीनवर तुझ्या नावासमोर काय छापलं आहे?”

तिनं दुसरी वाट धरली.

“बरं, तुम्ही नका टाकू. नुसते शाळेपर्यंत चला. मागून लोकं येतील, ते टाकतील.”

“म्हणजे मी त्यांना फसवू?”

“यात फसवणं कोणतं आलं?”

“मी पुढं चाललो म्हणजे मी टाकून राहिलो, असंच ते समजतील. पायानंही खोटं बोलता येते, नूतन.”

नूतनचा धीर सुटत चालला. बोलू नये ते तिच्या तोंडून निघालं.

“देवकामायची तिरडी कलली तेव्हा तुम्ही मागं होते. मी पाहिलं होतं तुमच्याकडं.”

गुरुजींचा हात कात्रीवर थांबला. त्यांनी कात्री मिटली आणि वहीच्या बाजूला सरळ ठेवली.

“ते तुझ्यापेक्षा मले जास्त दिसते,” ते म्हणाले. “रोज दिसते. तरी नाही.”

आवाज चढला नव्हता, आणि त्याचाच नूतनला संताप आला. चढ्या आवाजाच्या माणसाशी भांडता तरी येतं. या माणसाला तीन महिन्यांची तिची वणवण दिसत होती, बायकोच्या कापडावरचा चिखल दिसत होता, आणि तरी तो भिंतीला टेकून ढिम्म बसला होता.

“देश चूप राहिला म्हणून तुम्हाले राग आला,” ती म्हणाली. “मंग तुम्ही काय करून राहिले? घरात बसून कागद चिकटवून राहिले. तुमचं चूप बसणं कोणाले ऐकू जाते? दिल्लीले जाते का भोजराजले जाते? देशानं केलं तेच तुम्ही केलं.”

बोलून झाल्यावर तिचे कान तापले. याच माणसानं तिचा हात धरून तिच्याकडून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं. सासरच्यांनी तिचं शिक्षण बंद करायचं ठरवलं तेव्हा हेच त्यांच्या दारात जाऊन बसले होते, तिची बारावी होईपर्यंत. पण बोललेलं मागं घेता येत नव्हतं आणि तिला घ्यायचंही नव्हतं.

गुरुजींनी वही मिटली.

“लोकं विचारतील मले, गुरुजी काऊन नाही आले म्हणून,” नूतन शेवटी म्हणाली. “काय सांगू?”

“काय आहे ते तुले माहीत आहे. सांगाचं का नाही, ते तू पाहा.”

ती बाहेर आली तर फाटकाशी लोकेश मोटरसायकलवर पाय टेकून उभा. लोकेश पक्षाचा गोंदियाचा माणूस, दोन मोबाइलवाला. निवडणूक लागली की यायचा आणि निकाल लागला की दिसेनासा व्हायचा.

“क्या हुआ, ताई? येतात का नाही?”

“नाही येत.”

“छे, छे. ऐका, मी सहा गावांचा हिसाब लावला. एकदम बराबरी का मामला आहे. इधर के सव्वाशे निकले तो आपण जिंकलो, नाही निकले तो गेलो. सीधी बात.”

“समजून राहिलं मले.”

“मग बोल दो ना, बुखार आहे. गुरुजींना ताप आला, ते म्हणाले तुम्ही जाऊन या. पाच मिनट में पब्लिक उठेल.”

“आणि संध्याकाळी ते धडधाकट विहारात आले तं?”

“संध्याकाळपर्यंत मशीन सील होऊन जाते, ताई.” लोकेश हसला. “और वो देश का लफडा तो बिलकुल मत बताना. इथं कोणाला त्या देशाचं नाव तरी माहीत आहे काय?”

लोकेश काही वाईट माणूस नव्हता. त्याला जिंकायचं होतं आणि जिंकायचं तर नूतनलाही होतं, त्याच्यापेक्षा दसपट जास्त. विहारापर्यंतच्या वाटेवर तिनं ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. गुरुजींना ताप आला आहे, ते म्हणाले तुम्ही जाऊन या. साधं वाक्य होतं, कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं.

विहारात सतरंजीवर माणसं अजून बसून होती. सकाळचे पांढरे कपडे चुरगळले होते. बायांनी घरून डबे आणून जेवणं उरकली होती, दोघी-तिघी भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. धुरपता आजी दारातच पाय पसरून बसली होती. ऐंशी पार केलेली बाई, पण नजर अशी की गल्लीच्या तोंडाशी आलेलं माणूस चालीवरून ओळखायची.

“काय व नूतन, गुरुजीचा जीव बरा नाई का?”

ताप आला, हे दोन शब्द नूतनच्या जिभेवर येऊन बसले होते. अडचण अशी की सकाळी याच सतरंजीवर, याच जिभेनं तिनं पंचशील म्हटलं होतं. खोटं बोलणार नाही, असं चौथ्या शीलात हात जोडून म्हटलं होतं. निवडणुकीच्या धामधुमीत माणूस पुष्कळ काही पोटात घालतो, तिनंही घातलं होतं. पण सकाळी म्हटलेलं निदान दुपारपर्यंत तरी टिकावं, असं तिला फार आतून वाटलं.

“जीव बरा आहे त्यांचा,” ती म्हणाली. “ते मत टाकणार नाहीत. त्यांचं पक्षाशी पटलं नाही.”

झोपलेल्या बाया जाग्या झाल्या. मग तिनं सगळं सांगितलं. जमेल तसं, आपल्या भाषेत. तो देश, ती लढाई, तो ठराव, टीव्हीवर हसलेला माणूस, गुरुजींची तीन पत्रं. सांगताना तिला कळत होतं की ती आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत आहे. तरी तिनं काही गाळलं नाही.

पहिला उठला तो चैतराम. गडी विटाभट्टीवर मुकादम होता आणि नूतनच्या प्रचाराचं अर्धं ओझं त्यानंच उचललं होतं.

“त्यात आपलं काय जाते?” तो म्हणाला. “त्या देशात आपला मामा राहते का काका राहते? आपल्याले पांदण पाहिजे.”

चार-सहा जणांनी माना हलवल्या. नूतनला जरा हुरूप आला.

“आपल्या देशानं काय म्हनलं म्हने?” धुरपता आजीनं विचारलं.

“काहीच नाही म्हटलं, आजी. चूप राहिला.”

“आन मारून कोनाले राहिले तेथं?”

“सारेच मरून राहिले. लेकरं, बाया.”

आजीनं पाय आखडून घेतले.

“आमच्या लोकाईनं मेलं ढोर वढनं सोडलं, त्या सालची गोष्ट आहे,” ती म्हणाली. “मी तेरा वर्साची होती. माया बापाले चावडीपुढं मारलं. मारनारे चौघंच होते. बाकी सारं गाव ओट्यावर उभं राहून पाहे. कोनी मार म्हनलं नाई, कोनी नको मारू म्हनलं नाई. मारनाऱ्याईचे चेहरे मले आता आठवत नाईत. ओट्यावरचे आठवतात. नावानिशी सांगतो, पाह्यजे तं.”

सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत एक पोर आईला बिलगली. आजीनं पदर डोक्यावरून नीट केला आणि पुन्हा पाय पसरले. ती उठणार नव्हती, हे सगळ्यांना दिसलं.

“आजी, तुमचं खरं आहे,” चैतराम म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “पण नूतन त्या ओट्यावर नव्हती ना. आपली पोरगी आहे, आपल्यासाठी उभी आहे. मी तं चाललो.”

“ज्याले याचं त्यानं या,” नूतन म्हणाली. “कोणावर जबरदस्ती नाही. मी जाऊन राहिली.”

तिच्या मागं एकोणीस माणसं निघाली.

रांगेत सगळ्यात पुढं चालण्याची तिला सवय नव्हती. पाऊल किती जोरात टाकावं, कळत नव्हतं. धान निघून गेलेल्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक निळं फुललं होतं. भोजराजच्या घरावरूनच वाट जात होती आणि तो दाराशी खुर्ची टाकून बसलाच होता, इस्त्रीच्या कपड्यांत.

“काय नूतनबाई, आज रांग आखूड दिसून राहिली?”

“मोजायलेच बसले का तुम्ही?” ती म्हणाली आणि थांबली नाही.

खोली क्रमांक दोनमध्ये मशीनवर स्वतःचं नाव पाहून तिला कसंनुसं झालं. नावासमोर चिन्ह होतं, तेच, टीव्हीवर त्या हसणाऱ्या माणसाच्या मागं असायचं ते. तिनं बटण दाबलं. मशीन लांब वाजलं. बाहेर येऊन ती शाळेच्या आवाराबाहेर कडुनिंबाखाली उभी राहिली. साडेचार झाले, पावणेपाच झाले. लोकेश फोनवर कोणाला तरी सांगत होता, यहाँ का गया समझो. त्याला वाटत होतं तिला ऐकू येत नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी पांढरं काहीतरी हललं. आधी तिला वाटलं, डोळे थकले. मग दिसलं. पुढं गुरुजी, त्यांच्या दंडाला धरून धुरपता आजी, आणि मागं उरलेला मोहल्ला. सगळा. काठी टेकणारे, तान्ही लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, विटाभट्टीवरून थेट आलेले धुळीनं भरलेले गडी. नूतननं मोजायला सुरुवात केली आणि साठच्या पुढं तिला मोजताच येईना, कारण समोरचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसायला लागलं. ती धावतच पुढं गेली आणि भर रस्त्यात गुरुजींच्या पायांवर वाकली.

“नूतन, ऊठ,” गुरुजी म्हणाले. “तू बोलली ते बरोबर होतं. घरात बसून कोणाले ऐकू जात नाही.”

“मले माफ करा, गुरुजी. मी नको ते बोलली.”

“तसं नाही. आधी माझं ऐक. मी यांना विहारात सांगितलं, तुलेही सांगतो...”

“काही सांगू नका आता. वेळ कुठं आहे? गेट बंद होईल, आधी आत चला.” तिनं त्यांचा दुसरा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच त्यांना फाटकातून आत नेलं. मागं वळून ती बायांवर ओरडत होती, चला व, लवकर चला, चिठ्ठ्या हातात काढून ठेवा. गुरुजींनी फाटकापाशी पुन्हा एकदा तोंड उघडलं. पण पोलीस म्हणाला, उमेदवारानं रांगेतल्या मतदारांशी बोलू नये, तेव्हा तीच हसत मागं सरकली.

साडेपाचला फाटक बंद झालं तेव्हा रांगेतला शेवटचा माणूस आत होता. शेवटच्याकडून सुरुवात करून सगळ्यांना नंबरच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, आणि अंधार पडेपर्यंत खोली क्रमांक दोनचं मशीन वाजत राहिलं. नूतन प्रत्येक आवाजाला मनात एक एक म्हणत होती. लोकेशनं तिला पाण्याची बाटली आणून दिली. मघाशी फोनवर काय बोललो होतो, ते तो साफ विसरून गेला होता.

“ताई, मान गये तुम्हाला,” तो म्हणाला. “सीट आली.”

त्या रात्री ती अंथरुणाला पाठ टेकताच झोपली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी उठली तेव्हा गुरुजी येऊन गेले होते. ती झोपली होती म्हणून थांबले नाहीत, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. मतमोजणीवरून आली की आधी त्यांच्याकडेच जाईन, असं म्हणत ती लोकेशच्या गाडीमागं बसली.

मतमोजणी तहसीलच्या मागच्या हॉलमध्ये होती. जाळीच्या एका बाजूला टेबलं, दुसऱ्या बाजूला उमेदवार आणि त्यांची माणसं. भोजराज दोन खुर्च्या सोडून बसला होता आणि पायावर पाय टाकून पाय हलवत होता. सहा गावं मोजून झाली तेव्हा लोकेशचा हिसाब खरा ठरला. नूतन चव्वेचाळीस मतांनी पुढं होती. मग गावातली खोली क्रमांक एक निघाली. ती भोजराजच्या गल्लीची खोली. तिथं चौऱ्याहत्तर मतांचा मार बसला आणि नूतन तीस मतांनी मागं पडली. भोजराजच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नूतननं मात्र पाण्याचा एक घोट घेतला. खोली क्रमांक दोन राहिली होती. तिथले नव्वद आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

लोकेश तिच्या कानाशी लागला. “गुलाल बोलावून ठेवला आहे. दोन पोती.”

मशीन टेबलावर आलं. सील दाखवलं, फोडलं. अधिकाऱ्यानं बटण दाबलं आणि आकडे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, सकाळपासून वाचत होता त्याच सपाट आवाजात.

“भोजराज, पासष्ट. नूतन रामटेके, अठ्ठावन्न.”

नूतनला वाटलं, अजून काहीतरी वाचायचं राहिलं आहे.

“वरीलपैकी एकही नाही,” अधिकारी म्हणाला आणि क्षणभर थांबून त्यानं पुन्हा आकड्याकडे पाहिलं. “एक्क्याण्णव.”

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. कोणीतरी शिट्टी मारली. सदतीस मतांनी भोजराज निवडून आला होता. त्याची माणसं खुर्च्या सरकवून उठली आणि बाहेर ढोलाचा पहिला ठोका पडला. एक्क्याण्णव. एकाच बटणावर एक्क्याण्णव बोटं, आणि त्यातली बरीचशी तिनं ओळखली असती. त्या बोटांनी तिच्या घरी लग्नात कणीक मळली होती. काल संध्याकाळी मशीनच्या प्रत्येक आवाजाला ती स्वतःची म्हणून मोजत होती. तिला राग आला, असा की दात कडकडा वाजावेत. फाटकापाशी गुरुजी काय सांगत होते ते आता तिला कळलं, आणि आपण त्यांना बोलू दिलं नाही हेही कळलं. पुढच्या पावसाळ्यात मोहल्ल्यात कोणी ना कोणी जाईल. त्यालाही चिखलातूनच न्यावं लागेल.

“ये हो ही नहीं सकता,” लोकेश ओरडत होता. “एका खोलीत एक्क्याण्णव नोटा? मशीन खराब आहे. ताई, अर्ज द्या, फेरमोजणी मागा.” त्यानं कागद आणि पेन तिच्यापुढं ढकललं. “लिहा, मशीन में गडबडी.”

नूतननं पेन घेतलं. कागद कोरा होता. तिनं जाळीतून त्या मशीनकडे पाहिलं. सात गावांची मतं मोजली गेली होती आणि कोणाला किती पडली ते चार दिवसांत सगळे विसरणार होते. हा एक आकडा मात्र अधिकारी तक्त्यात लिहीत होता, आणि बाजूचा कारकून वाकून तो पुन्हा पुन्हा पाहत होता. त्यानं शेजारच्याला विचारलं, कुठली खोली ही? शेजाऱ्यानं तिसऱ्याला विचारलं.

“मशीन बरोबर आहे,” ती म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत? कौन हैं ये लोग?”

“आमच्या मोहल्ल्यातले आहेत.” तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला. “घरात बसून होते. मीच उठवलं त्याईले.”

मग लोकेशचा एक फोन वाजला, पाठोपाठ दुसरा वाजला, आणि तो दोन्ही कानांशी धरून कोपऱ्यात गेला. वरून कोणीतरी विचारत असावं, कारण तो एकच वाक्य परत परत बोलत होता, पता नहीं साब, किसी बाहर के देश का मामला है बोलते.

अधिकाऱ्यानं निकालाचा तक्ता सहीसाठी पुढं केला. भोजराजनं आधी सही केली, मान न वळवता. नूतननं तक्ता ओढून घेतला, खोली क्रमांक दोनची ओळ डावीकडून उजवीकडे नीट वाचली आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. सही करून झाल्यावरही ती जागची हलली नाही. मागं गर्दी वाढत होती. टेबलामागचा कारकून चष्म्यावरून तिच्याकडे पाहू लागला.

“अजून काही आहे का, बाई?”

“या पदाची मुदत कधी संपते?”

“सव्वा वर्षानं. मग सगळीकडेच निवडणूक लागते.”

“तेव्हा अपक्ष उभं राहाचं असन तं काय करावं लागते? फॉर्म वेगळा असते का?”

कोपऱ्यात लोकेशनं एक फोन कानापासून दूर केला.

“नाही हो,” कारकून म्हणाला. “फॉर्म तोच असतो. पक्षाचं पत्र तेवढं जोडायचं नाही.”